पाणबुड्याचे वजन : मन्नारच्या दगडापासून ‘मत्स्य ६०००’पर्यंत

तमिळनाडूत कुंभकोणमच्या पूर्वेस काही किलोमीटरवर तिरुनागेश्वरम् हे गाव आहे. राहूचे स्थान म्हणून तेथील नागनाथस्वामींचे मंदिर प्रसिद्ध आहे. त्याच गावात ओप्पिलियप्पन या नावाने विष्णूचे दुसरे मोठे क्षेत्र आहे आणि तेथील नैवेद्यात मीठ घालत नाहीत. मार्कंडेय ऋषींची कन्या इतकी अजाण होती की स्वयंपाकात मीठ किती घालावे हेही तिला कळत नव्हते. तिचा हात मागायला आलेल्या विष्णूने मग अलोणे अन्नच आपण आनंदाने ग्रहण करू असे वचन दिले, अशी स्थलपुराणातील कथा आहे. अलोण्या प्रसादाच्या या गावातून कावेरीच्या काठाने पूर्वेकडे सुमारे ५० किलोमीटर गेले की पूंपुहार येथे समुद्र लागतो. येथवर गोडे असलेले पाणी तेथे खारे होते. भाविकाला हा फरक जिभेवर कळतो. पाण्याखाली उतरणाऱ्याला तो कमरेवर कळतो.

कारण सरळ आहे. बुडालेली वस्तू जेवढे पाणी बाजूला सारते तेवढ्या पाण्याच्या वजनाइतके बल तिला वर ढकलते. आर्किमिडीजचा हा नियम शाळेत सर्वांनी वाचलेला असतो. एक लिटर गोड्या पाण्याचे वजन १ किलो भरते, तर एक लिटर समुद्राच्या पाण्याचे साधारण १.०२५ किलो. माणूस आणि त्याचा सगळा साज मिळून १०० लिटर पाणी बाजूला सारत असतील, तर नदीत त्यांना वर ढकलणारे बल १०० किलोंचे असते आणि समुद्रात १०२.५ किलोंचे. म्हणजे नदीत नेमका तोललेला पाणबुड्या समुद्रात उतरला, तर केवळ मिठामुळे त्याला अडीच किलो शिसे जास्त बांधावे लागते. ईशान्य मोसमाच्या दिवसांत नद्यांचे आणि पावसाचे पाणी मिसळून हाच किनारा कमी खारट होतो, तेव्हा हिशेब पुन्हा थोडा बदलतो.

हे शिसे अंगावर कोठे बाळगायचे, हा स्कूबा डायव्हिंगमधला एक जुना वाद आहे. एक पद्धत कमरेच्या पट्ट्याची. जाड नायलॉनच्या पट्ट्यात शिशाचे ठोकळे ओवलेले असतात आणि पुढे झटक्यात उघडणारे बकल असते. दुसरी पद्धत खिशांच्या जॅकेटची. पाणबुड्याला तरंगते ठेवणारे जे हवा भरण्याचे जॅकेट असते, ज्याला सर्वत्र बीसीडी म्हणतात, त्याच्याच बगलांत शिशाचे खिसे बसवलेले असतात आणि मूठ ओढली की ते खिसे निसटतात. पहिली पद्धत स्वस्त आणि साधी, दुसरी अंगाला सुखावह. दुकानात हा प्रश्न सोयीचा आणि किमतीचा वाटतो. पाणबुड्यांच्या वजनाचा इतिहास पाहिला, तर तो वेगळ्याच प्रश्नाकडे नेतो: वेळ आली तर हे वजन सुटणार कसे, आणि कोणाच्या हाताने?

या इतिहासाचे एक फार जुने पान याच किनाऱ्याच्या दक्षिणेला उघडते. तंजावरच्या किनाऱ्याखाली, भारत आणि श्रीलंका यांच्यामध्ये मन्नारचे आखात आहे. तेथील मोत्यांची कीर्ती प्राचीन आहे. ज्या ‘शिलप्पदिकारम्’ या तमिळ महाकाव्याची सुरुवात पूंपुहारमध्ये होते, त्यातील सारा अनर्थ एका पैंजणावरून घडतो: कण्णगीच्या पैंजणात माणके असतात आणि पांड्य राणीच्या पैंजणात मोती. ते मोती पांड्यांच्याच समुद्रातले. ते वर काढणाऱ्या माणसांजवळ श्वासाचे कोणतेही यंत्र नव्हते. होता तो एक दगड.

इंग्रज लष्करी अधिकारी रॉबर्ट पर्सिव्हल याचा श्रीलंकेवरील ग्रंथ १८०३ साली प्रसिद्ध झाला. त्यात या मोती काढण्याच्या हंगामाचे सविस्तर वर्णन आहे. १८०३ हे साल मराठी वाचकाला आणखी एका कारणाने ओळखीचे वाटेल. तंजावरच्या भोसल्यांचा इतिहास सांगणारा प्रदीर्घ मराठी शिलालेख बृहदीश्वराच्या मंदिरात त्याच वर्षी कोरला गेला. तेव्हा गादीवर दुसरे सरफोजी होते आणि तिरुनागेश्वरम् ज्या मुलखात येते तेथे १६७६ पासून मराठ्यांचे घराणे नांदत होते. एकीकडे दगडावर वंशावळ कोरली जात होती आणि काही दिवसांच्या समुद्रप्रवासावर त्याच काळात दगडाच्या आधारे माणसे समुद्रतळ गाठत होती.

पर्सिव्हलच्या वर्णनानुसार एका होडीत तांडेलाखेरीज वीस माणसे असत: दहा वल्ही मारणारी, दहा बुड्या मारणारी. बुडी मारणारे पाच-पाचांच्या पाळीने उतरत. होडीत पाच मोठे दगड असत. तांबूस ग्रॅनाइटचे, वर निमुळते, आणि निमुळत्या टोकाला दोर ओवण्यापुरते भोक पाडलेले. बुडी मारणारा दोर पायाच्या बोटांत धरी, दुसऱ्या पायाच्या बोटांत शिंपा भरण्याची जाळी घेई, एका हाताने नाक दाबी आणि दगडाच्या भाराने झपाट्याने खाली जाई. तळ गाठताच तो दगड सोडून देई. वरचा मदतनीस दगड ओढून घेई. मग जमेल तितका वेळ तो शिंपा गोळा करी आणि दोराला हिसका देई. वरची माणसे त्याला ओढून काढत. शार्कचे तोंड बांधणारा मांत्रिक किनाऱ्यावर बसल्याशिवाय ही मंडळी पाण्यात उतरत नसत, असेही पर्सिव्हलने नोंदवले आहे.

या पद्धतीत जे शहाणपण आहे ते आजच्या भौतिकशास्त्राने मोजून पाहता येते. पृष्ठभागावर छातीत हवा भरलेला माणूस तरंगतो, म्हणून त्याला खाली नेण्यासाठी भार लागतो. पण दर १० मीटर खोलीला पाण्याचा दाब एका वातावरणाने वाढतो. १० मीटरवर एकूण दाब दुप्पट होतो आणि फुप्फुसातील हवा निम्म्या जागेत मावते. शरीराचा आकार तेवढा घटला की वर ढकलणारे बलही घटते. मोत्यांच्या शिंपांचे थर साधारण १० ते २० मीटर खोलीवर असत. म्हणजे तळाशी पोचेपर्यंत बुडी मारणारा आपसूकच बुडता झालेला असे. दगडाची गरज फक्त उतरण्यापुरती होती. तळाशी तोच दगड पायाला असता, तर परतीचा प्रत्येक हात दुप्पट कष्टाचा झाला असता. श्वास रोखून धरलेल्या माणसाजवळ असे कष्ट करण्याइतका वेळ नसतो.

दगड आणि शिसे यांतला फरकही येथे समजून घेण्यासारखा आहे. शिसे पाण्याच्या ११.३ पट जड असते. एक किलो शिसे पाण्यात बुडवले की त्याचे वजन सुमारे ९१० ग्रॅम भरते. ग्रॅनाइट पाण्याच्या जेमतेम २.७ पट जड, म्हणून एक किलो ग्रॅनाइट पाण्यात सुमारे ६३० ग्रॅमच भरतो. १५ किलोंचा दगड पाण्याखाली साडेनऊ किलोंचे काम करतो. तेच काम साडेदहा किलोंच्या आत शिसे करते आणि त्याला जागा लिटरभराहूनही कमी लागते. कोकणात पाग टाकणाऱ्याच्या जाळ्याच्या कडेला शिशाच्या गोळ्या असतात त्या याच कारणाने. शिसे अंगावर बांधता येते; दगड बांधायला अवघड.

तरीही तो बांधणारे होते. पर्सिव्हलच्या वर्णनात एक वाक्य ओझरते येऊन जाते, आणि आजच्या वादाचे मूळ त्यात दिसते. काही जण अर्धचंद्राच्या आकाराचा दगड वापरत आणि तो पोटाभोवती बांधत, म्हणजे पाय मोकळे राहत. कमरेच्या पट्ट्याचा हा जणू पूर्वजच. एकाच होडीतून, एकाच समुद्रात दोन पद्धती चालत होत्या: पायाशी धरलेला सुटा दगड आणि पोटाशी बांधलेला दगड. पहिल्यात सुटका आयती होती, दुसऱ्यात पायांची मोकळीक होती. सोय आणि सुटका यांची ही ओढाताण पुढे दोनशे वर्षे चालू राहिली.

१८३० च्या दशकात लंडनमध्ये ऑगस्टस सीबे याने पितळी शिरस्त्राणाचा पोशाख घडवला आणि वजनाचा अर्थच पालटला. वरून पंपाने हवा मिळू लागल्यामुळे माणूस तासन्‌तास तळाशी राहू शकत होता. मात्र हवेने फुगलेला तो पोशाख फुग्यासारखा वर येऊ पाहत असे. त्याला खाली ठेवण्यासाठी छातीवर आणि पाठीवर शिशाच्या पाट्या आल्या, बुटांना शिशाचे तळ आले. अमेरिकन नौदलाच्या ‘मार्क ५’ या पुढच्या काळातील पोशाखाचे एकूण वजन ८५ किलोंच्या घरात होते. हा पाणबुड्या पोहत नसे. तळावर चालत असे. भार उतरवण्याचा विचार त्या रचनेत जवळजवळ नव्हताच, कारण त्याचे प्राण त्याच्या स्वतःच्या हातात नव्हते. हवेची नळी वर, दोर वर, दोर धरणारा वर. मन्नारच्या होडीतील मदतनिसाचीच ही जागा होती, पण आता बुडालेला माणूस त्याच्यावर संपूर्ण अवलंबून होता.

१९४३ मध्ये फ्रान्समध्ये झाक कूस्तो आणि एमिल गान्यां यांनी ‘ॲक्वालंग’ सिद्ध केले. पाठीवर दाबाखालच्या हवेचे नळकांडे आणि लागेल तेवढीच हवा देणारा झडपेचा पडदा. नळी गेली, दोर गेला आणि वरचा मदतनीसही गेला. मोकळे पोहणाऱ्या या पाणबुड्याला तळाला खिळवणारे ८५ किलो नको होते. तरंगणे आणि बुडणे यांच्यामध्ये नेमके तोलून धरणारे चार-सहा किलो हवे होते. ते कमरेच्या पट्ट्यात आले. वरून ओढणारे कोणी उरले नव्हते, म्हणून पट्ट्याला एका हाताने उघडणारे बकल आले. पट्टा सगळ्यांत शेवटी, इतर सर्व पट्ट्यांच्या वरून बांधायचा, म्हणजे सोडताच तो कोठे न अडकता सरळ खाली पडेल, हा नियम त्याच काळात रूढ झाला आणि आजही पहिल्या धड्यात शिकवला जातो.

थंड पाण्यासाठी रबरी फेसाचे, म्हणजे निओप्रीनचे पोशाख आले तेव्हा नवी अडचण उभी राहिली. या फेसातील सूक्ष्म बुडबुडे पाणबुड्याला वर ढकलतात, म्हणून ते निभावण्यापुरते शिसे वाढवावे लागते. पण खोलीवर दाबाने हेच बुडबुडे आकसतात. १० मीटरवर त्यांतील वायू निम्म्या जागेत येतो, २० मीटरवर एक तृतीयांश जागेत. पृष्ठभागावर अगदी तोललेला पाणबुड्या २० मीटरवर दोन-तीन किलोंनी जड झालेला असतो आणि त्याच्या कमरेचे शिसे मात्र तेवढेच राहते. यावर उपाय म्हणून हवा भरता येईल असे साधन निघाले. १९६१ मध्ये फ्रान्समध्ये मोरिस फेन्झी याने गळ्यात घालण्याच्या फुगवट्याच्या जॅकेटचे पेटंट घेतले. १९७१ मध्ये स्कूबाप्रो कंपनीने अंगरख्यासारखे घालायचे ‘स्टॅबिलायझिंग जॅकेट’ बाजारात आणले. त्या सुमारास काही अमेरिकन रचनांत शिशाचे छरे थेट पाठीवरच्या साजात भरले जाऊ लागले. पुढे जॅकेटच्या बगलांत खिसे आले आणि कमरेचा पट्टा काढून टाकता येईल, असा विचार रुजला.

दोन्ही पद्धतींचे गुणदोष येथून स्पष्ट दिसू लागतात.

पट्टा कमरेच्या हाडावर टेकतो. सडपातळ माणसाच्या कमरेवरून तो घसरतो; खोलीवर निओप्रीन आकसले की सैल होतो. पाठीच्या खालच्या भागावर ताण येतो. सगळा भार शरीराच्या मध्यावर असल्याने पाय खाली झुकण्याची प्रवृत्ती होते आणि पाणबुड्या आडवा न राहता तिरका पोहतो. दुसरीकडे, पट्टा जगात जवळपास सर्वत्र सारखाच असतो. अनोळखी जोडीदारालाही बकल कोठे असेल ते ठाऊक असते. होडीवर चढताना पट्टा आधी वर देता येतो आणि राहिलेला साज हलका होतो. आणखी एक गोष्ट: पाण्याखाली जाळ्यात अडकून जॅकेट काढायची पाळी आली, तर पट्टा कमरेवर राहतो आणि माणूस आपल्या जागी तोललेला राहतो.

खिशांच्या जॅकेटमध्ये भार पाठीच्या कण्यालगत आणि जॅकेटच्या फुगवट्याजवळ येतो. कमरेवर काही रुतत नाही, पोहण्याची ठेवण सुधारते, लहान चणीच्या आणि पाठदुखीच्या लोकांना ते फार मोठे सुख असते. पण नळकांडे, जॅकेट आणि शिसे एकत्र उचलताना होडीवर चढणे जड जाते. पाण्याखाली जॅकेट काढले, तर शिसे त्याच्याबरोबर जाते: माणूस वर खेचला जातो आणि जॅकेट खाली. शिवाय प्रत्येक कंपनीची मूठ वेगळी. कोणाची बगलेतून पुढे ओढायची, कोणाची खाली, कोणाला चिमटा दाबायचा. खिसा नीट ‘खट्’ आवाज करून बसला नाही, तर तो भलत्याच वेळी निसटू शकतो. वाळू आणि मिठाने घट्ट झाला, तर हव्या त्या वेळी निघत नाही.

येथवर हा सारा हिशेब सोयीचा वाटेल. पण डायव्हिंगमधील मृत्यूंच्या तपासात, देश कोणताही असो, एक गोष्ट पुन्हा पुन्हा आढळत आली आहे: पाणबुड्या सापडतो तेव्हा त्याचे वजन अंगावरच असते. बकल चालू स्थितीत असते, खिशांच्या मुठी जागेवर असतात आणि त्यांना हात लागलेला नसतो. यांत पृष्ठभागापर्यंत पोचलेलेही असतात. वर येऊन, हवा संपल्यामुळे जॅकेट फुगवता न आल्याने, लाटांत डोके वर ठेवण्यासाठी झगडत ते पुन्हा बुडालेले असतात. कमरेचे सहा किलो सोडले असते, तर निओप्रीनने त्यांना बुचासारखे तरंगत ठेवले असते. साधन होते; घाबरलेल्या हाताला ते आठवले नाही. भीतीच्या क्षणी माणूस नवे काही सुचवून घेत नाही, अंगवळणी पडलेले तेवढेच करतो. ज्याने बकल सोडण्याचा सराव फक्त प्रशिक्षणाच्या पहिल्या आठवड्यात केला, त्याच्या हाताला ती सवय नसते.

मग दर संकटात सगळे वजन सोडून द्यावे काय? तेही सोपे नाही. १९०८ मध्ये इंग्लंडमध्ये जॉन स्कॉट हॉल्डेन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी खोलीवरून टप्प्याटप्प्याने वर येण्याची कोष्टके प्रसिद्ध केली. दाबाखाली रक्तात आणि ऊतींत विरघळलेला नायट्रोजन झपाट्याने वर येताना बुडबुड्यांच्या रूपाने बाहेर पडतो आणि सांधे, मज्जारज्जू यांना इजा करतो. त्याहून तातडीचा धोका फुप्फुसांचा. १० मीटरवर भरलेला श्वास रोखून माणूस वर आला, तर तीच हवा दुप्पट जागा मागते. २० मीटरवरून पट्टा एकदम सोडला की माणूस थांबवता येणार नाही अशा वेगाने वर जातो. म्हणून सुटकेची साधने असावीत आणि त्यांना पायऱ्याही असाव्यात. तळाशी हा अखेरचा उपाय. पृष्ठभागावर आल्यावर मात्र संकटात असलेल्याने करायची ही पहिली कृती.

येथे जॅकेटची एक जमेची बाजू ध्यानात येते. दोन खिसे असल्याने अर्धेच वजन सोडता येते. पट्टा सुटला तर सगळा सुटतो. अनुभवी पाणबुडे म्हणून भाराची वाटणी करतात: काही शिसे नळकांड्याच्या पट्ट्यावर किंवा पाठीशी, जे सोडायचे नसते, काही कमरेवर किंवा खिशांत, जे सोडायचे असते. सोडायचा भाग इतका असावा की तो गेल्यावर माणूस पृष्ठभागावर खात्रीने तरंगेल, आणि इतका जास्त नसावा की तो चुकून पडला तर वर जाणे आवरता येणार नाही. मन्नारच्या होडीतील दोन प्रकारचे दगड, एक सुटा आणि एक बांधलेला, येथे एकाच माणसाच्या अंगावर एकत्र येतात.

या सगळ्याआधी मुळात किती वजन हवे, हे ठरवावे लागते. बहुतेक नवखे जरुरीपेक्षा जास्त शिसे बांधतात, कारण उतरताना ते सोपे वाटते. मग खाली तो जास्तीचा भार पेलण्यासाठी जॅकेटमध्ये जास्त हवा भरावी लागते, ती हवा खोलीप्रमाणे फुगते-आकसते आणि माणूस वरखाली हेलकावत राहतो. कसोटी जुनी आणि साधी आहे: सगळा साज चढवून, जॅकेट रिकामे करून, सर्वसाधारण श्वास घेऊन पाण्यात उभे राहिल्यावर पाण्याची रेघ डोळ्यांशी यावी. नळकांडे भरलेले असेल, तर वर दोनेक किलो जास्त धरावे. १२ लिटरच्या नळकांड्यात २०० वातावरण दाबाने भरलेल्या हवेचेच वजन सुमारे २.९ किलो असते आणि बुडी संपेपर्यंत त्यातले बरेचसे श्वासावाटे निघून जाते. ही कसोटी ज्या पाण्यात उतरायचे त्याच पाण्यात करायची. तलावातला आकडा समुद्रात चालत नाही. मिठाचे अडीच किलो तेथे आडवे येतात.

तोल किती महत्त्वाचा हे कळण्यासाठी पुन्हा पूंपुहारकडे वळता येईल. लोथलचे उत्खनन करणारे पुरातत्त्वज्ञ एस. आर. राव यांच्या नेतृत्वाखाली १९८० च्या दशकात गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत सागरी पुरातत्त्वाचे काम उभे राहिले. द्वारकेप्रमाणेच पूंपुहारचा समुद्रही त्या संशोधकांनी धुंडाळला. १९९१ मध्ये किनाऱ्यापासून सुमारे ५ किलोमीटरवर, २३ मीटर खोलीवर, घोड्याच्या नालेसारखी एक रचना आढळली. ती माणसाने बांधलेली की निसर्गाने घडवलेली, यावर मतभेद आहेत. पण तेथे उतरून मोजमाप घेणाऱ्याला काय साधावे लागते याबद्दल मतभेद नाहीत. २३ मीटरवर दाब तिपटीहून अधिक. कावेरीने आणलेल्या गाळाच्या समुद्रात तळापासून हातभर वर स्थिर राहावे लागते. वजन किलोभर जास्त झाले की पाय तळाला लागतात, गाळ उसळतो आणि दिसणे बंद होते. किलोभर कमी झाले की मोजपट्टी धरलेला हात वर सरकू लागतो. विज्ञानाच्या दृष्टीने शिशाचा तो एक ठोकळा निरीक्षण आणि अंदाज यांतले अंतर ठरवतो.

सुटकेचा हाच प्रश्न आता भारतीय सागरविज्ञानात फार मोठ्या खोलीवर उभा आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये ‘समुद्रयान’ प्रकल्पाच्या तयारीसाठी दोन भारतीयांनी फ्रान्सच्या ‘नॉटील’ या पाणबुडीतून उत्तर अटलांटिक महासागरात बुडी घेतली. ५ ऑगस्टला राजू रमेश ४,०२५ मीटरपर्यंत गेले आणि ६ ऑगस्टला निवृत्त कमांडर जतिंदर पाल सिंग ५,००२ मीटरपर्यंत. चेन्नईची राष्ट्रीय महासागर तंत्रज्ञान संस्था बांधत असलेल्या ‘मत्स्य ६०००’मध्ये २.१ मीटर व्यासाच्या टायटॅनियमच्या गोलात तीन माणसे ६,००० मीटरपर्यंत उतरणार आहेत. तेथे दाब सुमारे ६०० वातावरणांचा. या यानातही तीच जुनी तरतूद आहे: संकट आले तर वजने टाकून द्यायची, म्हणजे यान आपल्या तरंगण्याच्या बळावर वर येईल.

वजन टाकण्याची सर्वांत देखणी कल्पना ऑग्युस्त पिकार याची. त्याने रचलेले ‘त्रिएस्ते’ हे यान २३ जानेवारी १९६० रोजी झाक पिकार आणि डॉन वॉल्श यांना घेऊन मारियाना गर्तेच्या तळाशी पोचले. त्याचा भार होता लोखंडाच्या छऱ्यांचा, आणि ते छरे विद्युतचुंबकांनी धरून ठेवलेले होते. वीज चालू असेपर्यंत छरे जागेवर; वीज गेली, तारा तुटल्या, माणसे बेशुद्ध पडली, तर चुंबकत्व संपून छरे आपोआप गळून पडतील आणि यान वर येईल. तेथे सुटण्यासाठी कोणाला काही करावे लागत नव्हते; बुडालेले राहण्यासाठीच सतत वीज खर्च करावी लागत होती.

मन्नारचा दगडही असाच होता. पायाच्या बोटांची पकड ढिली झाली की तो सुटे. कमरेचा पट्टा आणि जॅकेटचे खिसे यांची गोष्ट उलटी आहे. काहीच केले नाही, तर ते अंगावर राहतात. सुटण्यासाठी हाताने हालचाल करावी लागते, तीही मन थाऱ्यावर नसताना. दोहोंतील निवड करताना हे लक्षात घेतले, तर बऱ्याच गोष्टी आपोआप ठरतात. भाड्याचा साज दरवेळी बदलत असेल, तर पट्ट्याचे एकसारखेपण मोलाचे. साज स्वतःचा असेल, पाठ दुखत असेल, कमरेवर पट्टा टिकत नसेल, तर खिशांचे जॅकेट बरे. मात्र त्याची मूठ डोळे मिटून सापडली पाहिजे आणि ती कशी ओढायची हे पाण्यात शिरण्यापूर्वी जोडीदाराला दाखवले पाहिजे.

मराठी माणसासाठी हा प्रश्न दूरचा नाही. मन्नारच्या आखातात भारतीय बाजूला मोत्यांचा अखेरचा हंगाम १९६१ मध्ये झाला आणि दगडाच्या आधाराने बुडी मारणाऱ्यांची ती मोठी परंपरा ओसरली. पण त्याच देशात मालवणच्या समुद्रात आज हौशी पर्यटक मोठ्या संख्येने उतरतात आणि तारकर्लीला स्कूबा डायव्हिंगचे प्रशिक्षण देणारी शासकीय संस्था उभी आहे. पहिल्यांदाच उतरणाऱ्या पर्यटकाला मासे, प्रवाळ, छायाचित्र यांची माहिती मिळते. आपल्या कमरेला बांधलेले चार किलो कसे सुटतात, हे त्याने सहसा विचारलेले नसते. मार्गदर्शक शेजारी असतो, म्हणून बहुधा त्याची गरज पडत नाही. तरी होडीत बसल्या बसल्या तो प्रश्न विचारावा, बकल स्वतःच्या हाताने एकदा उघडून पुन्हा लावून पाहावे, डाव्या हातानेही पाहावे. त्याला अर्धे मिनिट लागते.